जवसाचं बुश

लेयेकाठ, ११ जून

प्रिय वानेस,

तू खुशाल असशील. आम्हीही आहोत. तुझ्याकडे ट्रोम्सोला आता सूर्य मावळतच नसेल. पडदे तरी जाड घेतलेस का?

इथे जवस फुलला आहे. सकाळी सगळं शेत निळं असतं आणि आपण जेवायला बसेपर्यंत पाकळ्या गळून पुन्हा हिरवं. लहानपणी तू यावर चिडायचास, की नुसती हजेरी लावून जातात ही फुलं. यंदा पीक कमरेच्या वर आलं आहे आणि अजून कुठे लोळलेलं नाही. ओक्ताफ रोज कुंपणापाशी सायकल थांबवतो, बघतो आणि म्हणतो, "एवढं चांगलं दिसतंय म्हणजे उपटणीला पाऊस नक्की." शेजारी म्हणून त्याचा एवढाच उपयोग, असं बाबा म्हणतात.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. रागावून नाही. फेरीबोटीच्या इंजिनघरात फोन ऐकू येत नसेल, असं मी मार्सेला आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "नाताळातसुद्धा इंजिनघरातच असतो वाटतं." तिचे गुडघे गेले, जीभ अजून शाबूत आहे.

बाबा बरे आहेत. मे महिन्यापासून ट्रॅक्टरवर बसलेले नाहीत, पण वयही झालंच. त्यांची खाट मी खाली, पुढच्या खोलीत आणली आहे. तिथून शेत दिसतं, आणि जिनाही चढावा लागत नाही. ताकातले बटाटे अजून आवडीने खातात, फक्त थोडे. मी काही आणून दिलं की म्हणतात, "तू स्वयंपाकीण म्हणून बरी आहेस, पण वाढायला तुझा हात सढळ." पूर्वी उलट म्हणायचे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

परवा दुपारी मी त्यांच्या खोलीत इस्त्री करत होते. ते खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले, "काता, वान येईल का गं? उपटणीला?"

"विचारते."

"विचारू नकोस. ये म्हणून लिही."

"काय काम आहे म्हणून लिहू?"

त्यांनी डाव्या हाताने पडदा थोडा सरकवला. मग म्हणाले, "त्या बुशाबद्दल सांगायचंय त्याला."

माझी इस्त्री तशीच राहिली, उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग पडला. तो शब्द या घरात कुणी उच्चारत नाही, तुला माहीत आहे. त्या सप्टेंबरात तू केलेलं ते बुश, रोलरच्या शाफ्टभोवतीचं एवढंसं कडं, शेतातला जवस पालटणाऱ्या उलटणी यंत्रात अडकलं, बाबांच्या उजव्या हाताची बोटं गेली आणि तू विद्यापीठ सोडून उत्तरेला निघून गेलास. त्यानंतर आपण हवापाण्याबद्दल बोलतो, नाहीतर बोलत नाही.

मी म्हटलं, "मला सांगा, मी लिहून कळवते."

"नाही. ही तोंडावर सांगायची गोष्ट आहे. पत्रातून सांगितली तर पळपुटेपणा होईल."

काय आहे ते मला खरोखर माहीत नाही. ते तुला दोष देणार असतील असं वाटत नाही. आजवर कधी दिला नाही. पण त्यांना सांगायचं आहे आणि ते तुझी वाट बघत आहेत, एवढं मला कळतं. जुलैच्या मध्याला उपटणी सुरू होईल. चार दिवस ये. तुझी खोली तशीच आहे. खिडकी घट्ट बसते, खालून धक्का द्यावा लागतो, एवढाच फरक.

तुझी,
कातलाइन


लेयेकाठ, २९ ऑगस्ट

प्रिय वानेस,

तुझं कार्ड मिळालं. डोंगर सुंदर आहेत. "उन्हाळ्यात फेऱ्या जास्त असतात, जमणार नाही. त्या बुशाबद्दल मला काही ऐकायचं नाही, बाबांना माझा नमस्कार सांग." नमस्कार सांगितला. मधलं वाक्य वाचून दाखवलं नाही. पण कार्ड त्यांनी हातातून घेतलं, लांब धरून स्वतः वाचलं आणि डोंगराची बाजू वर करून खिडकीत उभं केलं.

उपटणी झाली. पाऊस आला नाही, ओक्ताफला फार वाईट वाटलं. जवस ओळींनी शेतात पडून दव खात होता, काडीतला धागा सैल होईपर्यंत. दोनदा उलटावा लागला. यंत्र मी चालवलं. बाबांनी खिडकी उघडी ठेवायला लावली होती आणि मी वळणावर आले की आतून हात करायचे, हळू, हळू. संध्याकाळी मी मूठभर काड्या नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवायची. ते डाव्या हाताने मोडायचे, धागा सुटतो का बघायचे, नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "अजून दोन दिवस." तिसऱ्या खेपेला म्हणाले, "उचल." आता सगळा माल गाठी बांधून कोठारात आहे.

जूनमध्ये मी लिहिलं होतं की बाबा बरे आहेत. ते खरं नव्हतं. त्यांच्या छातीत हिवाळ्यापासूनच काही राहिलेलं नाही. इतकी वर्षं थंडीत झोडणीच्या शेडमध्ये ती धूळ खाल्ली, ती आता आपला हिशोब करते आहे. डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवून समजावलं तर म्हणाले, "माझ्या छातीत एवढा जवस आहे बाई, की पेरलात तर उगवेल." त्या हसल्या, मग बाहेर येऊन मला म्हणाल्या की हिवाळा निघणार नाही. तुला लिहायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. "आजारी बापाला बघायला येईल तो. मला तसा नकोय. त्याने यावं, कारण मी बोलावलंय."

आता मी त्यांचं ऐकत नाही. नळी नाकात आहे. रात्री उशाला टेकून बसूनच झोपतात.

आणि दुसरं. ते काय सांगणार आहेत ते आता मला माहीत आहे. गेल्या रविवारी त्यांनी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर माझं मनगट धरलं. उजव्या हाताने. त्या हाताला पकड नाही, नुसतं ओझं ठेवल्यासारखं वाटतं. म्हणाले, "तू लिहायचं नाहीस. हे माझं काम आहे. तो आला नाही तर, नंतर सांग." मी हो म्हटलं.

म्हणून मी लिहीत नाही. फक्त एवढंच सांगते, वानेस, की तुला जे ऐकायला लागेल अशी भीती वाटते, ते हे नाही. अगदी उलट आहे. कसंही करून ये.

कातलाइन

ता. क. ते रोज कपडे बदलून बसतात. स्वच्छ सदरा मागतात. का, ते विचारत नाही मी.


लेयेकाठ, २ नोव्हेंबर

प्रिय वानेस,

आज मृतांचा दिवस, दफनभूमीत सगळ्यांच्या कबरींवर शेवंती आहे. आई-बाबांच्या कबरीवर मी पांढरी ठेवली. आत्याला पिवळी हवी होती, कारण ती जास्त टिकते. शेजारच्या कबरीवर मार्टेन्सच्या घरच्यांनी एवढी मोठी कुंडी आणली आहे की म्हाताऱ्याचं नावच झाकून गेलं. ओक्ताफ म्हणाला, "जिवंतपणीही त्याला असंच गप्प केलं होतं."

बाबांच्या अंत्यविधीला तू आला होतास. मी पहिल्या बाकावर होते तरी मागचं दार वाजलं तेव्हा मला कळलं. प्रवचन संपत आलं होतं. वळून पाहिलं तर तू खांबाशी उभा होतास, अंगावर तो बोटीवरचा जाड कोट. तू स्मरणपत्रिका घेतलीस तेही पाहिलं. फोटो बघून बराच वेळ मान खाली होती तुझी. तो आत्याच्या साठाव्या वाढदिवसाचा फोटो आहे. बाबांचा उजवा हात खिशात आहे, पण ती सवय त्यांना आधीपासून होती. मग पेटी बाहेर निघाली आणि मी दारापर्यंत येईतो तू नव्हतास.

दफनानंतरच्या कॉफीला थांबला नाहीस. मी तुझी खुर्ची धरून ठेवली होती, आत्याच्या आणि माझ्या मध्ये. पहिला मनुकांचा पाव फिरला, दुसरा फिरला. पाद्रीबाबा तिथे बसायला आले तर आत्या म्हणाली, "ती धरलेली आहे." शेवटी तिने स्वतःची पर्स त्या खुर्चीवर ठेवली. लोक बोलले. बोलणारच. ओक्ताफने त्यांना सांगितलं की तुझं विमान होतं. मी त्याला तसं काही सांगितलं नव्हतं.

तू तिकडून किती झटपट निघाला होतास ते मला माहीत आहे. तुझा फोन आला त्या गुरुवारी बाबा शुद्धीवर होते. "शनिवारी पोचतो," असं तू म्हणालास आणि मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी सदरा मागितला. शुक्रवारी सकाळी मी कॉफी घेऊन आत गेले तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून बसलेले होते, आणि मी दोनदा हाक मारली.

आता माझं काम. ते म्हणाले होते, तो आला नाही तर नंतर सांग. तू आलास, पण ते नव्हते, म्हणजे तीच गोष्ट झाली.

तुला ते स्वयंपाकघरातलं संध्याकाळचं बोलणं आठवतं का? तू बुश घेऊन आलास आणि टेबलावर ठेवलंस. राळेत आपल्याच शेतातले धागे, आणि त्यात ती ग्राफाइटची काळी भुकटी. तू केरसुणी आणून बाबांना दाखवत होतास, की आडवी घासली तर काड्या निघून येतात, पण टोकांवर उभी धरून घासली तर झिजते अगदी हळू; म्हणून या बुशात सगळे धागे शाफ्टवर टोकांनी उभे आहेत. बाबा म्हणाले, "आम्ही जन्मभर जवस आडवा झोपवला आणि तू त्याला उभा केलास." तू किती खूष होतास. मग तू बजावलंस: याला तेल लागत नाही. ग्रीस नको, काही नको, कोरडंच चालवायचं. म्हणजे उलटताना धाग्यावर काळे डाग पडणार नाहीत.

त्यांनी बसवलं. आठ दिवस कोरडंच चालवलं. पण लोखंड फिरतं आहे आणि त्याला तेल नाही, हे त्यांना बघवेना. त्यांच्या शब्दांत सांगते: "दाराच्या बिजागरीपासून खोऱ्याच्या दांड्यापर्यंत सगळ्याला मी तेल दिलं गं, आणि पोराच्या वस्तूलाच कोरडं ठेवायचं? ग्रीस नको म्हणाला, बरोबर आहे, डाग पडतात. म्हटलं, जवसाचं तेल देऊ. जवसाचीच वस्तू, जवसाचंच तेल. डाग नाही, काही नाही. माझ्या मनात होतं की याने तुझं बुश आणखी दहा वर्षं चालेल."

मग तो पाऊस लागला आणि यंत्र शेडमध्ये उभं राहिलं. पुढचं तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. जवसाचं तेल सुकतं. दांड्यावर सुकतं, चौकटीवर सुकतं, आणि तिथे ते सुकावं म्हणूनच आपण लावतो. फटीत बसलेलं तेही सुकलं आणि डिंकासारखं धरून बसलं. पाऊस उघडल्यावर यंत्र चालू केलं तर रोलर हलेना, पट्टा नुसता घसरत होता. बंद न करता त्यांनी हाताने ढकललं. आणि ते सुटलं.

तू शेडमध्ये धावत आलास तेव्हा तुझ्या तोंडून एकच वाक्य निघालं होतं. "पाणी पिऊन फुगलं." तुझे प्राध्यापक तुला तेच सांगत आले होते ना, की जवस पाणी पितो, तो फिरत्या भागाच्या कामाचा नाही. बाबांनी ते वाक्य ऐकलं आणि त्यांना ते खरं वाटलं. हे मला महत्त्वाचं वाटतं, वानेस. तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तुझ्यापासून लपवलं नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतंच.

पुढच्या वसंतात त्यांनी ते बुश काढलं. डाव्या हाताने, शिकाऊ माणसासारखं, दोन दिवस लागले. चाकूने आतला थर खरवडला आणि वास आला. ते म्हणाले, "नाकाशी धरलं आणि कळलं, हे माझंच तेल."

तरी त्यांना खात्री करायची होती. बुश साफ करून पाण्याच्या बादलीत टाकलं आणि आठवडाभर तिथेच ठेवलं. आई विचारायची ही बादली कशाची, तर म्हणायचे, खिळे भिजत घातलेत. मग काढून शाफ्टवर चढवलं. जरा घट्ट झालं होतं. पण फिरलं.

तोवर तू गेला होतास. विद्यापीठातून तुझं नाव काढलं गेलं होतं, आणि आईला तू फोनवर सांगितलं होतंस की चाचणीचे तुकडे सगळे कालव्यात टाकून दिले. एकेक तुकडा घासण्याआधी आणि घासल्यावर तोलून बघणारा तू. ज्या एका तुकड्यावर तू सगळं सोडून दिलंस, तो मात्र हातात घेऊन पाहिला नाहीस. हे मी बाबांच्या वतीने लिहीत नाही. हे माझं आहे.

मी त्यांना विचारलं, "मग सांगितलं का नाही? इतकी वर्षं?"

"आधी वाटलं, नाताळला येईल तेव्हा सांगू. आला नाही."

"फोन होता."

"फोनवर काय सांगू? तुझं आयुष्य मी तेल घालून बंद पाडलं?" मग दम लागला, थांबले. "आणि मग तुझी आई गेली तेव्हा आला होता. तेव्हा सांगायचं ठरवलं. तर तो माझा हात बघायचा आणि मान वळवायचा. मला वाटलं, हा एवढा अपराधी आहे तर मला निदान भेटायला तरी येईल. खरं सांगितलं तर रागावेल, मग तेही नाही. असं वाटलं गं. चांगलं नाही वाटलं, पण वाटलं."

मी त्यांना उशीला नीट टेकवलं. त्या खोलीत त्यांच्या नळीचा आवाज होता आणि बाहेर ओक्ताफ कुत्र्याला शिव्या देत होता.

आता जे त्यांनी मला अगदी शेवटी सांगितलं ते. ते बुश त्यांनी परत बसवलं होतं. त्याच वसंतात. आणि तेव्हापासून दरवर्षी दोन्ही उलटण्या त्याच्यावर झाल्या, कोरड्या, तू सांगितलंस तशा. आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं की नवं पितळी आणलं. ओक्ताफ आठवड्यात एकदा तरी बाबांना म्हणायचा, "रेमी, तुझं यंत्र कुरकुरत का नाही? तू स्वतः तर एवढा कुरकुरतोस." रोलरच्या दुसऱ्या टोकाला खरोखर पितळी आहे. ते मध्ये झिजून ढिलं झालं आणि त्यांनी बदललं. तुझं बदललं नाही. यंदा ऑगस्टमध्ये मी यंत्र चालवत होते आणि ते खिडकीतून हात करत होते, हळू, हळू, ते माझ्यासाठी नव्हतं.

काल मी शेडमध्ये जाऊन ते काढलं. सोबत पाठवते आहे, आत्याने विणलेल्या मोज्यात गुंडाळून. मोजेही तुझेच आहेत. पुसलं नाही. आतून बोट फिरव. मला त्यातलं कळत नाही, पण काचेसारखं गुळगुळीत लागतं, आणि कडेला तू कोरलेलं 'वा' अजून वाचता येतं. तुझ्याकडे मोजायचं साधन असेल. किती झिजलं ते मोज, किंवा मोजू नकोस.

शेवटच्या दिवसांत मी दाराबाहेरून ऐकायची, ते सराव करत असायचे. खिडकीतल्या त्या तुझ्या डोंगरांकडे बघून. कधी लांबलचक सुरुवात करायचे, उलटणीपासून, पावसापासून, आणि दम संपायचा. मग लहान करत आणलं. शेवटी एवढंच राहिलं होतं: "वान, तुझं बुश चांगलं होतं. तेल मी घातलं."

हे मी तुला सांगितलं. पण त्यांना ते तुझ्या तोंडाकडे बघून सांगायचं होतं. तेवढं माझ्याकडून झालं नाही.

जवसाच्या गाठी पुढच्या आठवड्यात गिरणीत जातील. धागा लांब निघेल असं खरेदीदार म्हणाला. शेत मी चालू ठेवणार आहे. आत्या मला वेडी म्हणते आणि रोज येऊन काय मदत करू विचारते. पेरणी एप्रिलमध्ये. उलटणी यंत्र बुशाशिवाय शेडमध्ये उभं आहे. ओक्ताफ म्हणतो, शहरात चाललोय, पितळी आणून देतो.

मी त्याला थांब म्हटलं आहे.

तुझी,
कातलाइन